दोन दात आणि एक सही

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

वळसंग
दि. १८ जानेवारी २०२५

चि. सिद्धेश्वरीस आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

एसटीने पाठवलेल्या डब्यात आज भाकरी नाही, भात आहे. का ते सांगते, पण आधी खाली बस. आत्या जिवंत आहे, फक्त दोन दातांनी कमी झाली आहे.

गड्ड्याच्या जत्रेतल्या एवढ्या गर्दीत मला कुणाचा धक्का लागला नाही, नंदीध्वज डोळे भरून पाहिले, तुला भेटले, आणि आपल्या फाट्यावर उतरताना एसटीच्या शेवटच्या पायरीने दगा दिला. हातात शेंगदाण्याच्या चिक्कीची पिशवी होती, ती सोडली नाही म्हणून तोंडावर आपटले. वरचे समोरचे दोन दात. एक सबंध निघाला. कंडक्टरने तो उचलून तिकीट द्यावं तसा माझ्या हातात दिला. दुसरा मोडून अर्धा हिरडीत राहिला आहे. मला रडायचंसुद्धा सुचलं नाही. धोंडप्पा धावत आला आणि माझं तोंड बघून त्याचीच दातखिळी बसली. शेवटी मीच त्याला पाणी दिलं. तुझा बाप असाच आहे, लहानपणापासून.

भाकरी चावत नाही, म्हणून घरात भातच शिजतो. दुखतं, पण सोसवतं. खरं दुःख वेगळं आहे. काल मठात सवयीने गायला बसले आणि पहिल्याच ओळीला तोंडातून नुसता वारा. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले, पण घरी आल्यावर हसू आलं नाही. भजनातली निंगव्वा पाठोपाठ आली आणि मोठ्या मायेने म्हणाली, की गिरिजाबाई, तुमी आता मागं बसा, श्रावणात पुढं मी बसते की. सत्तावीस वर्षं मी पुढे बसून गाते आहे, सिद्धी. नवरा गेला त्या वर्षीही बसले होते. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मागे बसायचं, तेही दोन दातांपायी, हे मला काही गिळवेना.

असो. तू काळजी करू नकोस. चिक्की पाठवते आहे, आता ती इथे कोण खाणार?

आत्याची माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी
आत्या

❖

सोलापूर, बाळीवेस
दि. २१ जानेवारी २०२५

ती. आत्यास सिद्धेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. तू पडलीस आणि मला तीन दिवसांनी भाताच्या डब्याखालून कळतं! आप्पांना फोन केला तर ते म्हणतात, की आक्कानं सांगायचं न्हाई म्हटलं हुतं. तुझ्याशी फोनवर बोलावं तर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की सगळ्या बाळीवेशीला कळतं. म्हणून सविस्तर लिहिते.

मी दातांच्या दवाखान्यात तीन वर्षं काम करते, हे तू विसरलीस का? तुझा फोटो आप्पांनी पाठवला, तो मी आमच्या डॉक्टरबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, आधी मोडलेलं मूळ काढू, हिरडी भरू देऊ, चार महिने थांबू, आणि मग ब्रिज बसवू. ब्रिज म्हणजे चार दातांचा एकसंध तुकडा. मधले दोन खोटे, आणि कडेचे दोन टोपीसारखे. शेजारचे तुझे दोन दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्यावर त्या टोप्या पक्क्या बसवायच्या. मधले दोन त्यांच्या आधारावर उभे राहतात. काढ-घाल नाही, रात्री वाटीत ठेवायचं नाही. तुला गाता येईल. श्रावणाच्या आत येईल.

निंगव्वामावशींना सांग, की पुढची जागा अडवू नका म्हणावं.

पत्राची वाट बघते. रागावू नकोस आणि ये.

तुझी
सिद्धी

❖

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

वळसंग
दि. २५ जानेवारी २०२५

चि. सिद्धेश्वरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्या वेळी माझा विश्वासच बसला नाही. माझे दोन दात गेले, म्हणून शेजारचे दोन धडधाकट दात घासायचे? त्यांनी काय केलं बिचाऱ्यांनी? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. चौसष्ट वर्षं त्या दातांनी ज्वारीची कडक भाकरी फोडली, ऊस सोलला, आणि आता त्यांचे खुंट करायचे! धोंडप्पाला सांगितलं तर तो स्वतःच्याच दातांवर हात ठेवून बसला.

पण रात्रभर विचार केला. मागे बसायचं नाही, हे एकदा ठरलं की बाकीचं ओघाने येतं. तू तिथे आहेस, तुझ्या डोळ्यांसमोर होणार, तर येते.

एकच गोष्ट, सिद्धी, आणि ती हसण्यावारी नेऊ नकोस. ते दात कशाचे असतात? शेजारची रंभाबाई म्हणते, की हाडाचं असतं समदं. अंगावर इष्टलिंग आहे माझ्या. सातव्या वर्षी दीक्षा झाली, तेव्हापासून अंड्याचा वाससुद्धा या तोंडाला माहीत नाही. या तोंडाने मी देवाचं नाव घेते. हाडाबिडाचं असेल तर मला बोळकं राहिलेलं चालेल, मागे बसलेलंही चालेल. तू नीट विचारून लिही. तू लिहिलंस की मी दुसऱ्या कुणाला विचारणार नाही.

तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तुझा पहिला दुधाचा दात मीच कौलावर टाकला. आता तू माझे दात बसवायला निघालीस. दिवस कसे उलटतात बघ.

येताना काय आणू ते कळव. लोभ आहेच.

आत्या

❖

सोलापूर
दि. २९ जानेवारी २०२५

ती. आत्यास सा. न.

डॉक्टरबाईंना विचारलं. दात चिनी मातीचा असतो, आपल्या कपबशीची असते तसलीच, पण फार पक्की. आत धातूचा पातळ पत्रा. हाडाचा त्यात संबंध नाही. रंभामावशींना सांग, की तुमच्या घरच्या कपातून चहा पिता ना, मग झालं तर.

सोमवारी, दहा तारखेला तुझं नाव लावून ठेवलं आहे. सकाळी नाश्ता करून ये. आणि फक्त तू ये, चिक्की नको.

तुझीच
सिद्धी

❖

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

वळसंग
दि. १४ जून २०२५

चि. सिद्धेश्वरीस आत्याचे भरभरून आशीर्वाद.

आरशाचं वेड मला सोळाव्या वर्षी लागलं नाही ते आता लागलं आहे. येता-जाता ओठ वर करून बघते. धोंडप्पा म्हणतो, की आक्का, लगीन ठरलंय काय तुजं? बोलू दे त्याला.

दात घासले तो दिवस मी विसरणार नाही. त्या यंत्राचा आवाज थेट मेंदूत जात होता आणि माझ्या नाकाला माझ्याच दाताचा जळका वास येत होता. तू हात धरला होतास म्हणून खुर्चीत राहिले, नाहीतर पळूनच जाणार होते. नंतर जिभेने चाचपले ते दोन खुंट! पण आता वरून काही कळत नाही. हिरडीसुद्धा कशी भरून आली आहे! फेब्रुवारीत मूळ काढल्यावर तिथे खड्डा पडला होता, त्यात डॉक्टरबाईंनी मिठासारखी काहीतरी पांढरी भुकटी भरली होती ना, तिचा गुण आला म्हणायचा. खोटे दात हिरडीतूनच उगवल्यासारखे दिसतात.

बुधवारी कारहुणवीचा, बैलांचा सण झाला. बैलांना मीच पुरणपोळी भरवली, शिंगं रंगवली. तांबड्याने माझ्या हाताला नेहमीसारखं चाटलं. संध्याकाळी मठात गायले. सगळे शब्द जागच्या जागी. निंगव्वा काही बोलली नाही, हीच तिची दाद. मंद्रूपहून बायका आल्या होत्या, त्यांनी श्रावणात एका सोमवारी तिकडे बोलावलं आहे. मी सगळ्यांना सांगते, की आमच्या सिद्धीने केलं. डॉक्टरबाईंनी केलं असं कुणी म्हटलं तर मला राग येतो.

कडक भाकरी मात्र अजून दुधात मोडून खाते. तू सांगितलं आहेस तेवढं पाळते.

अशीच सुखात राहा आणि आत्याला सुखात ठेव.

आत्या

❖

सोलापूर
दि. २ जुलै २०२५

ती. आप्पांस सिद्धेश्वरीचा सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही एकट्यानेच वाचा. डबा आत्या धुते, म्हणून डब्यातून न पाठवता टपालाने पाठवते आहे.

आप्पा, माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे. गेल्या शनिवारी दवाखान्यात एक जैन काकू आल्या. त्यांचीही दाढ काढून खड्डा भरायचा होता. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, की ती नेहमीची बाटली ठेव, दुसरी आण, कारखान्यात केलेली. मी सहज विचारलं, की दोन वेगळ्या का? त्यांनी सांगितलं, की नेहमीची भुकटी गुराच्या हाडापासून केलेली असते. हाड पार शुद्ध करून दळलेली. काही जणांना ती चालत नाही, म्हणून फॉर्मवरच ‘चालते’ असा रकाना असतो. या काकूंनी तिथे खूण केलेली नाही.

आप्पा, मला आत्या आठवली. मी फॉर्मचा कप्पा काढला. आत्याच्या फॉर्मवर त्या रकान्यात खूण आहे. ती मी केली आहे. तेव्हा समोर चार पेशंट, फोन वाजत होता. इंग्रजी फॉर्म, तीन वर्षांत शेकडो भरलेले, हात आपोआप चालतो. सगळ्या रकान्यांत खुणा केल्या आणि आत्याला म्हटलं, इथे सही कर. तिने पिशवीतून चष्मासुद्धा काढला नाही. ती मला विचारत होती, की मी जेवले का.

तिने आधीच पत्रात विचारलं होतं. मी दाताचं विचारलं, तो चिनी मातीचाच आहे, ते खोटं नाही. भुकटीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसरी बाटली तेव्हाही कपाटात होती, आप्पा. एका शब्दाचं काम होतं.

आता ती काढता येत नाही. आत्याचं नाव न घेता डॉक्टरबाईंना विचारलं, त्या म्हणतात, की शरीर ती हळूहळू विरघळवतं आणि आपलं हाड तिथे वाढवतं, पण काही कण राहतात. म्हणजे आत्याच्या हिरडीत ते आहे. आणि ती त्या तोंडाने रोज पूजा करते, गाते, बैलाला पोळी भरवते.

आत्याला सांगू की नको? हे तुमच्या-माझ्याशिवाय कुणालाही कधीच कळणार नाही. सांगितलं तर ती जेवणसुद्धा सोडेल, मला माहीत आहे. नाही सांगितलं तर मला तिच्या डब्यातला घास गिळवत नाही. तुम्ही सांगाल तसं करते. लवकर कळवा.

तुमची
सिद्धी

❖

वळसंग
दि. ६ जुलै

चि. सिद्धीस धोंडप्पाचा आशीर्वाद.

मी लिहिण्यातला माणूस नाही, पण आज लिहावं लागतंय. पोरी, घात झाला.

तुझं पत्र आलं त्या दिवशी सकाळी मी मंद्रूपला डोळ्यांच्या शिबिराला गेलो होतो. डोळ्यांत थेंब टाकले. संध्याकाळपर्यंत धूसर दिसेल म्हणाले. घरी आलो तर पोस्टमन दारात. तू कधी टपालाने लिहीत नाहीस. माझ्या मनात नाही नाही ते आलं, तुझं काही बरंवाईट झालं की काय. अक्षर तर सगळं मुंग्यांसारखं. संध्याकाळपर्यंत थांबायला पाहिजे होतं, पण धीर धरवला नाही. आक्काच्या हातात दिलं.

तिने पहिली ओळ वाचली आणि हसली. म्हणाली, की एकट्यानंच वाच म्हणती, आन् हा तर आंधळा झालाय. मीच म्हणालो, की वाच की गं. ती मोठ्याने वाचत गेली. गुराच्या हाडापर्यंत आली आणि आवाज थांबला. मला वाटलं चष्मा पुसते आहे. मग बाकीचं तिने मनातच वाचलं. मी विचारतोय, काय झालं, काय झालं, आणि ती कागद धरून उभीच.

मग परसात गेली. तोंडात बोट घालून त्या दातांना हिसके मारत होती. रक्त आलं. मी आणि रंभाबाईने हात धरले. त्यानंतर तिने लिंग हातात घेतलं आणि म्हणाली, की याच्या साक्षीनं सांगते, त्या पोरीच्या हातचं पाणीबी मला वर्ज्य. आणि लिंग काढून देवघरात ठेवलं. सिद्धी, आमच्या घरात लिंग अंगावरून उतरत नाही, माणूस मेल्यावरही नाही, ते बरोबर जातं. मी आक्काचा गळा असा मोकळा जन्मात पाहिला नव्हता.

तीन दिवस ताटावर बसत नाही. ओट्यावर बसून पातळ ताक पिते. मठात जात नाही. बैलांकडेही जात नाही.

चूक माझी आहे. तू मला विचारलं होतंस, तर माझं उत्तर होतं की सांगू नको. आता त्या उत्तराला काय अर्थ?

तू ये. नाहीतर नको येऊ. मला कळत नाही.

धोंडप्पा

❖

सोलापूर
दि. १४ जुलै २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काल मी आले तेव्हा तू ओट्यावर होतीस. तोंडाने माफी मागायचं ठरवून आले होते, पण तुझा मोकळा गळा बघितला. मी आत जाऊन माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि तुझ्यासमोर ठेवलं. मला आप्पांनी सगळं लिहिलं होतं, तरी ठेवलं. तू त्या तांब्याकडे बराच वेळ बघितलंस. उन्हात तुझे ओठ सुकले होते. मग तू उठलीस आणि गोठ्याच्या मागच्या नळावर जाऊन ओंजळीने पाणी प्यालीस. मी तो तांब्या तसाच ठेवून बस धरली.

तुला राग येऊ नये असं मी म्हणत नाही. फॉर्मचा कागद मी घरी आणला आहे आणि रोज बघते. तुझी सही त्यावर आहे, वळणदार, गोल ग ची. बाकी सगळं माझं अक्षर.

डॉक्टरबाईंनाही सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, की तोंडी विचारायला हवं होतं, ते आपलं सगळ्यांचं चुकलं. तू म्हणालीस तर त्या ब्रिज कापून काढतील, पण त्याचा उपयोग नाही, आत्या. ब्रिज निर्दोष आहे. जे आहे ते हिरडीच्या आत आहे, आणि ते आता वेगळं काढायचं तर तुझंच हाड कोरावं लागेल. ब्रिज काढला तर मात्र घासलेले दोन दात उघडे पडतील, ठणकतील, आणि पुन्हा बोळकं. कृपा करून बोटाने ओढू नकोस.

मला नोकरी सोडावीशी वाटते. डबा पाठवू नकोस असं लिहिणार होते, पण तू पाठवतच नाहीस.

श्रावण जवळ आला. तू गाणार नाहीस, हे माझ्यामुळे. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

माया मागायचा हक्क नाही, तरी मागते.

सिद्धी

❖

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

दि. २८ जुलै २०२५
श्रावणी सोमवार

चि. सिद्धेश्वरीस,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी भांडण.

तू फॉर्म वाचला नाहीस, त्याचा मला राग आला. गुराचं हाड माझ्या तोंडात आहे, याची मला अजून शिसारी येते. सकाळी चूळ भरताना हात थांबतो. पण या दोन्हींपेक्षा मला काय लागलं, ते तुला कळलेलं दिसत नाही. तुझ्या पत्रात त्याचा शब्द नाही. आत्याला सांगू की नको, हे तू धोंडप्पाला विचारलंस! हिरडी माझी, लिंग माझं, आणि विचारणा कुणाला, तर ज्याला स्वतःच्या डोळ्यांत थेंब पडले तर धीर धरवत नाही त्याला. तू चार वर्षांची असल्यापासून मी तुझ्यापासून काही लपवलं नाही. तुझी आई परत येणार नाही, हेही मीच सांगितलं, गावाला गेली असं नाही सांगितलं. आणि मी जेवण सोडीन म्हणून मला सांगायचं नाही? सोडलं असतं दोन दिवस. तो माझा हक्क होता. रडले असते, भांडले असते, ते तुझ्याशी. इथे मी तुझ्या बापासमोर उभी राहून माझीच गोष्ट वाचली, दुसऱ्याच्या नावाच्या पाकिटातून.

झालं भांडण. आता बाकीचं ऐक.

गेल्या आठवड्यात मठात गेले. स्वामींना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, शुद्धीचा एक विधी सांगितला, तो मी केला. त्याने मन धुतलं गेलं असं खोटं लिहिणार नाही. निघताना त्यांनी विचारलं, की हे कुणाच्या हातून झालं? निंगव्वा तिथेच बसली होती, कान टवकारून. मी तोंड उघडलं, तुझं नाव जिभेवर होतं. तीन आठवडे घरात ओट्यावर बसून मी तेच नाव घोकत होते. आणि ते बाहेर निघेना. त्यांनी पुन्हा विचारलं, की कागदावर सही कुणाची होती? मी म्हटलं, माझी.

खरंच माझी आहे, सिद्धी. चष्मा पिशवीत होता. मला चौथीपर्यंतचं वाचता येतं आणि विचारायला तोंड आहे. इंग्रजी आहे, हे काय आहे, एवढं विचारलं असतं तर तू थांबली असतीस. मी विचारलं नाही, कारण तू होतीस.

मग निंगव्वानेच एक गोष्ट केली, ती तिला कळली नाही. जाता जाता ढोलकी उचलून माझ्या मांडीवर दिली, आत ठेवा म्हणून. मी ती किती वेळ हातात धरून बसले. सत्तावीस वर्षं त्या चामड्याच्या ठेक्यावर मी देवाला आळवते आहे. ते कातडं कुणाचं, हे एकदाही मनात आलं नाही. तेवढ्याने सगळं पटलं असं समजू नकोस. ढोलकी बाहेर असते, हे आत आहे. पण गोठ्यात गेले, तांबड्याच्या कपाळावर हात ठेवला. त्याने पूर्वीसारखंच चाटलं. त्याला काही कळत नाही म्हणून असेल. असो.

लिंग परत गळ्यात घातलं आहे. आज संध्याकाळी मठात पुढे बसणार आहे. मंद्रूपच्या बायकांनाही होकार कळवला.

राहिली ती शपथ. रागाच्या भरात घेतली, पण लिंग हातात धरून घेतली, म्हणजे ती खेळ नव्हे. त्या दिवशी तू तांब्या ठेवलास तेव्हा माझा घसा नुसता जळत होता. उठून नळावर गेले आणि ते पाणी मला कडू लागलं. शपथ मोडली तर पाप माझ्या माथी. स्वामींना त्याचं काही विचारलेलं नाही, विचारणारही नाही. सातव्या वर्षापासून नेम पाळले, एक मोडून बघते. त्याच्याच साक्षीने घेतली, त्याच्याच साक्षीने मोडीन, आणि त्याला काय वाटेल ते तो आणि मी बघून घेऊ.

नोकरी सोडायची नाही. उलट यापुढे कुणी म्हातारी आली, की फॉर्म मराठीत मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि आमच्याकडची असेल तर कानडीतही. नाहीतर मी येऊन वाचीन.

रंभाबाई तिची दाढ दाखवायला तुझ्या दवाखान्यात आत आली आहे, तिच्याच हाती हे पत्र दिलं आहे. तिची दाढ नंतर बघा. मी बाहेर, दाराजवळच्या बाकावर बसले आहे. आज उपास. पहाटेपासून घोटभरसुद्धा पाणी घेतलेलं नाही, मुद्दाम.

आता आशीर्वाद. अनेक, उत्तम, आणि न मागता.

तुझी
आत्या

ता. क. दवाखान्यात तांब्या नसेल तर कशातूनही चालेल. फक्त दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवू नकोस.